पाणपोईवरचं गाठोडं

पनवेल गावातील समस्त नागरिक, तळ्याकाठचे परीट, खाडीकाठचे बगळे आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी कडधान्य शिजतं अशा सर्व बंधुभगिनींना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, वाल भिजत घालणे हा घरगुती प्रकार नसून धंदा आहे. सबब, वालांनी प्यायलेल्या पाण्याचा दर माणसांनी प्यायलेल्या पाण्याहून निराळा राहील.

हसलात ना? आम्हीही हसलो होतो. पण ही घोषणा माझी नाही. यातले बगळे तेवढे माझे. बाकीचं भाषण आमच्या चाळीच्या मालकांनी एका रविवारी सकाळी नळाच्या कट्ट्यावर उभं राहून, गळ्यात उपरणं घालून, आम्हा भाडेकरूंपुढे केलं होतं. उपरणं मुद्दाम घातलं होतं. मालकांना समारंभाची हौस फार.

गोष्ट साठच्या दशकातली. मी नुकती लग्न होऊन पनवेलला आले होते. मी आपट्याची. माझ्या माहेरी परसदारातून चार पावलं उतरलं की पाताळगंगा. तिथं पाण्याला कुणी पैसे मागितले असते तर आमच्या आजोबांनी त्याला आधी जेवायला बसवलं असतं आणि मग वैद्याकडे नेलं असतं. त्यामुळे सासरी पहिल्या महिन्यात आमचे हे भाड्याच्या वर पाण्याचे म्हणून वेगळे पैसे काढून ठेवताना दिसले, तेव्हा नवी नवरी म्हणून माझी थट्टा चालली आहे असं समजून मी खूप हसले. हे हसले नाहीत. हे तालुका कचेरीत कारकून होते, आणि कचेरीत हसण्याची पद्धत नव्हती.

चाळ म्हणजे एका ओळीतल्या कौलारू खोल्या, समोर अंगण, अंगणात एकच नळ. नळासमोर मालकांचं दुमजली घर आणि त्यांच्या वरच्या खिडकीतून नळ असा दिसायचा की जणू खिडकी त्याच्यासाठीच पाडली होती. मालकांची भाताची गिरणी होती. चाळीच्या मागे एक विहीर होती, पण खाडी जवळ असल्यामुळे होळी सरली की तिचं पाणी मचूळ व्हायचं. गावात नळ आले तेव्हा बायकांनी आमच्या नळाला हळदकुंकू लावलं होतं म्हणे. मी आले तोवर त्याच्या तोंडावर नुसता गंज होता.

आणि मग पाणीपट्टी वाढली. गावाला पाणी आणायचं तर पाइप टाकावे लागतात, पंप चालवावे लागतात, त्याला पैसा लागतो, एवढं आम्हालाही कळत होतं. वाढ झाली ती मालकांच्या पावतीवर, कारण नळ त्यांच्या नावावर. पण वरून जे थेंबभर वाढलं, ते आमच्या उंबऱ्यापर्यंत येईतो त्याचा लोट झाला. त्याच लोटाच्या स्वागताचं ते रविवारचं भाषण.

"पट्टी मी वाढवलेली नाही," मालक म्हणाले. "मी तर मधला माणूस. आजपासून प्रत्येक खोलीला सकाळी दोन हंडे, संध्याकाळी एक. जास्त लागेल त्याने जास्त द्यायचं. आणि ज्याचा धंदा असेल, त्याने धंद्याच्या दराने द्यायचं."

"इथं धंदा कुणाचा आहे बाई?" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथं काकू उभ्या होत्या, हातात रिकामी कळशी घेऊन.

काकूंची ओळख करून द्यायलाच हवी. चाळीच्या टोकाच्या खोलीत राहायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटकुळ्या, आणि जीभ अशी की मिरचीने शिकवणी लावावी. नवरा बंदरावर मालाच्या तोलाईचं काम करायचा. मचव्यावरून, म्हणजे मालाच्या होडीवरून, पडला आणि त्याची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते काका खाटेवर आणि काकूंचे वाल दारोदार. आमच्या बाजूला वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण. पण वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, पुन्हा पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा, ही कटकट करणार कोण? काकू करायच्या. केळीच्या पानात बांधलेले त्यांचे सोललेले वाल अख्ख्या बाजारपेठेत आणि वकिलांच्या आळीत जायचे. मोड जरा जास्त लांब आला तर त्या विकायच्या नाहीत. "हे वाल नव्हेत, शेपट्या आहेत," म्हणायच्या आणि आम्हाला वाटून टाकायच्या.

आणि वाल सोलायचे काका. उजवा हात मेलेला, पण डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने दाणा असा चिमटायचे की टरफल एकीकडे आणि शुभ्र वाल दुसरीकडे. खाटेवर पडल्या पडल्या. त्या घरात तेवढंच त्यांचं काम होतं, आणि ते काम कुणी हातातून घेतलं तर रागावायचे.

तर सगळ्यांच्या माना वळल्या.

"माझा धंदा?" काकू म्हणाल्या.

"वाल पाणी पितात, काकू," मालक समजुतीने म्हणाले.

"पितात हो. म्हशीसारखे पितात. रोज सकाळी धार काढते मी त्यांची."

अंगणात हशा झाला. मालक हसले नाहीत. "थट्टा नको. विकायच्या मालाला लागतं ते पाणी धंद्याचं."

"आणि आमच्या ह्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, तो कशाचा धंदा?"

मालकांनी खरोखर विचार केला. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळून केला. "तो आजार," ते म्हणाले. "आजार घरगुतीत येतो."

"उपकार झाले," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून चाळीचं रूप पालटलं. एका खोलीत पोरांच्या आंघोळी एकाआड एक दिवस व्हायला लागल्या, आणि ज्या दिवशी ज्याची पाळी नसेल तो शर्यत जिंकल्यासारखा नाचायचा. एका बाळंतिणीची दुपटी तळ्यावर धुवायला जाऊ लागली. आमच्याकडे ताटं राखेने घासून नुसती पुसून ठेवायची. सकाळी धुतलेल्या तांदळाचं पाणी झाडाला घातलं म्हणून मला सासूबाईंची बोलणी बसली, कारण त्या पाण्याने अजून फरशी पुसायची राहिली होती. ज्यांच्या हातात जास्तीचे पैसे होते त्यांनी ते दिले, कुरकुर केली आणि विसरले. दर वाढला की असंच होतं. पैसेवाल्याची कुरकुर वाढते आणि बाकीच्यांची पोरं मळतात.

काकूंच्या वाट्याला तीन हंडे आले. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि चादरींचं झालं की तळाशी जे उरायचं त्यात एक वाटी वाल भिजले असते की नाही शंका. धंद्याच्या दराने पाणी घेतलं असतं तर वाल विकून हातात टरफलं उरली असती. आणि वाल बंद म्हणजे भाडं बंद, काकांच्या मालिशचं तेल बंद, खोली बंद. हे काकूंना कळत होतं, आम्हाला कळत होतं, आणि वरच्या खिडकीतही कळत असणार, कारण खिडकी अंगणाकडेच उघडायची.

काकूंनी आधी विहीर धरली. मचूळ असलं तरी पाणीच ना. वाल एक रात्र भिजवले, बांधले. मोड आले ते खुरटे. साली निघेनात. काकांच्या डाव्या अंगठ्याचं नख दुखायला लागलं. तरी काकूंनी नेऊन विकले, कारण दुसऱ्या दिवशीच्या तेलाची सोय करायची होती. संध्याकाळी एका वकिलाची बायको पातेलं घेऊनच चाळीत आली.

"काकू, दुपारपासून चुलीवर आहेत. हे वाल आहेत की पोरांच्या गोट्या?"

काकूंनी पातेल्यात चमचा फिरवला. सगळे गणंग. शिजून शिजून रस्सा काळा पडला होता आणि दाणे जसेच्या तसे टणक. खारट पाण्याला वाल वश होत नाही, हे आम्हा सगळ्यांना त्या दिवशी कळलं. काकूंनी पैसे परत केले. वकिलाच्या बायकोला दारापर्यंत पोचवलं. मग त्या आत आल्या आणि ते पातेलंभर बिरडं आपल्या ताटात घेऊन खायला बसल्या. दाणा दाणा फोडून खाल्ला. "टाकायचं कशाला?" म्हणाल्या. "मसाला चांगला आहे तिचा."

आता रंगमंचावर पाणपोई येते.

आमचे मालक दानशूर होते. तुम्हाला वाटेल मी टोमणा मारते आहे. थोडा मारतेच आहे, पण दान खरं होतं. दर पाडव्याला एसटी स्टँडसमोर ते आपल्या वडिलांच्या नावाने पाणपोई घालायचे. झावळ्यांचा मांडव, ओल्या फडक्यात गुंडाळलेले मोठमोठे रांजण, पाण्यात वाळा, बसायला बाक. पनवेल म्हणजे मुंबई, पुणे, कोकण, सगळ्यांच्या वाटा मिळणारी जागा. उन्हात उतरलेली माणसं त्या मांडवात शिरली की पुन्हा बाहेर निघायला तयार नसत. वर पाटी होती: वाटसरूंसाठी मोफत. भांडी भरू नयेत. भांडं नेलं तर कुणी घरी पाणी भरून नेईल, म्हणून ओंजळीतच प्यायचं. लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओतायला एक मामा बसवले होते. जासईकडचे, मिठागरात जन्म काढलेले, आणि आता म्हातारपणी गोड्या पाण्याजवळ नोकरी मिळाली म्हणून सदा खूश.

पण त्या रांजणांत पाणी यायचं कुठून? आमच्या नळावरून! रोज सकाळी आम्ही रांगेत उभ्या राहून दोन हंड्यांची वाट पाहत असू, आणि मामा हातगाडीवरचं पिंप आमच्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरून घेत. पिंप भरेपर्यंत रांग थांबायची. तो धर्म होता. धर्माच्या मध्ये हंडा घालता येत नसे.

एकदा असंच पिंप भरत असताना मामांनी काकूंच्या रिकाम्या कळशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय गो बाय, तोंड कशाला पारलंस? तुजं पानी काय पलून जात नाय. मी स्टँडवर नेतो. तिकडं ये, तिकडं फुकट हाय."

"तिकडं वाटसरूंना फुकट आहे," काकू म्हणाल्या.

"मग हो वाटसरू! कोन इचारतंय?"

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर काकू स्वच्छ लुगडं नेसून, पायात वहाणा घालून, काखेत एक गाठोडं मारून निघाल्या. जुन्या लुगड्याच्या कापडात वाल बांधलेले होते. वरून दिसायला अगदी माहेरी निघालेल्या बाईचं गाठोडं. त्या पाणपोईच्या बाकावर जाऊन बसल्या. मामांना म्हणाल्या, "मामा, पेणला जायचंय. तहान लागली." आणि ओंजळ पुढे करण्याऐवजी गाठोडं पुढे केलं.

मामांनी पाटीकडे पाहिलं. पाटी त्यांना वाचता येत नव्हती, पण तिच्यावर काय आहे ते पाठ होतं. "भांडा हाय का ह्ये?"

"नाही."

"मग आमाला काय तरास नाय," म्हणत मामांनी ओगराळंभर पाणी गाठोड्यावर ओतलं.

अशी पेणची गाडी सुरू झाली. दुपारभर काकू बसायच्या. गाठोडं सुकलं की ओतायचे मामा. उरलेला वेळ मामा जासईच्या गमती सांगायचे. गाठोडं गच्च भिजलं की काकू उठून घरी यायच्या, दुसऱ्या दिवशी मोड आलेलं गाठोडं पुन्हा पाजायला न्यायच्या. वाल असे मऊ व्हायचे की काकांचा अंगठा खुलायचा. वकिलाच्या बायकोने पुन्हा वाल घेतले आणि पुन्हा पातेलं घेऊन आली नाही.

मला हे कळलं तेव्हा मी हट्टच धरला. मला लहानपणापासून नाटकात काम करायचं होतं आणि माहेरी कुणी करू दिलं नव्हतं. मी काकूंची सून झाले. दुसरं गाठोडं माझ्याकडे. पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी बाकावर बसायची. एसटीचा कंडक्टर ओरडायचा, "पेण, पेण! ओ मावशी, पेण सुटली!"

"सुटू दे रे बाबा," काकू म्हणायच्या. "सुनेला गाडी लागते. पुढच्या गाडीने जाऊ."

"काल पण तेच म्हणालात!"

"काल पण लागत होती."

मी पदराआड हसून हसून मरायची. पण घरी परतताना काकू एक दिवस म्हणाल्या, "बघ कशी गंमत आहे. माझ्या दारातलं पाणी हातगाडीवर बसून इथवर येतं, आणि ते मिळवायला मला माझ्याच गावात परकं व्हावं लागतं." त्या हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसले. 

मग मालकीणबाई काकूंकडे आल्या. मालकीणबाई म्हणजे मालकांची बायको. बाई मायाळू, पण नवऱ्यापुढे आवाज न निघणारी. त्यांच्या मुलीला पसंत केलेल्या मुलाकडची माणसं पुण्याहून यायची होती. बोलणी पक्की करायला. "त्यांनी निरोप पाठवलाय, पनवेलचं बिरडं खायचंच म्हणून," त्या म्हणाल्या. "चाळीस-पन्नास पानं होतील. काकू, तुमच्या हातचेच वाल पाहिजेत. यातून माझी अब्रू राहिली ना, तर मी ह्यांच्याकडून तुम्हाला रोज एक बादली नळाचं पाणी मिळवून देते. वालांसाठी. जास्तीचे पैसे न घेता. देवाशपथ."

रोज एक बादली! काकांनी खाटेवरून डावा हात उंच केला, जणू बादली धरूनच पाहिली.

पण एवढे वाल भिजवायचे तर गाठोडं पुरेना. म्हणून काकू मालकांकडे गेल्या. मी सोबत होते.

"मालक, तुमच्याच घरच्या जेवणाचे वाल आहेत. ह्या एका खेपेला नळाचं पाणी घेऊ द्या."

मालक गंभीर झाले. "माझ्या घरचे आहेत म्हणूनच नाही. उद्या चाळ म्हणेल, मालकाने स्वतःसाठी नियम वाकवला. तत्त्व म्हणून काही असतं की नाही, काकू?"

"असतं की," काकू म्हणाल्या. "पण त्यात वाल भिजत नाहीत हो."

मालकांना ते आवडलं नाही. नियम राहिला. मालक आपल्या तत्त्वावर इतके खूश झाले की त्यांनी ही हकिगत गिरणीत दोघातिघांना सांगितली.

म्हणून त्या आठवड्यात आम्ही पेणला जाणाऱ्या दोन बायकांच्या पाच झालो. चाळीतल्या तिघी आणखी आल्या. एक नणंद झाली, एक व्याहीण, एक नुसती ओळखीची. प्रत्येकीच्या मांडीवर गाठोडं. मामा पाणी ओतून ओतून दमले. "एवरं मानूस कनाला चाललाय पेनला? लगीन हाय का?" म्हणायचे आणि आपल्याच बोलण्यावर खुसखुसायचे. खरे वाटसरू चक्रावून आमच्याकडे पाहायचे. पाची गाठोड्यांतून ठिबकणारं पाणी बाकाखालून रस्त्यावर जायचं, आणि स्टँडवरची एक शेळी ते प्यायला यायला लागली. तिला दर कुठला लागू होता, कुणास ठाऊक.

जेवण दुपारचं होतं. शेवटचं भिजवणं आदल्या दिवशी दुपारचं, मग संध्याकाळी सोलणं. हिशेब बरोबर होता. पाहुणे मात्र आमच्या हिशेबात नव्हते. ते त्याच दुपारी पुण्याच्या गाडीने उतरायचे होते, आणि त्यांना उतरवून घ्यायला टोपी-कोट चढवून मालक स्वतः स्टँडवर आले.

मी पदर आणखी खाली ओढला. उपयोग नव्हता. आमच्या पाचही जणींची लुगडी मालक रोज खिडकीतून पाहत होते. पण पाहुण्यांसमोर ते काही बोलू शकले नाहीत. आणि पाहुण्यांतली मुलाची आत्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, भारी अंगाची बाई, थेट मांडवात शिरली.

"ही तुमचीच का पाणपोई?"

"वडिलांची इच्छा," मालक छाती भरून म्हणाले. "तहानलेल्याला कधी परत पाठवायचं नाही, असं ते म्हणायचे."

आत्या ओंजळीने पाणी प्यायल्या. तोंडावर मारलं. वाळ्याच्या वासाची तारीफ केली आणि काकूंच्या शेजारी धपकन बसल्या.

"बाई, तुमचं गाठोडं गळतंय."

"गळू दे. पिताहेत ते," काकू म्हणाल्या.

"कोण पिताहेत?"

काकूंनी गाठ थोडी सैल करून दाखवली. आत टपोरे, मोड आलेले वाल. खोटं सांगायचं काकूंच्या मनात होतं, असं त्या मागाहून म्हणाल्या. पण ते वाल इतके सुरेख उतरले होते की कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. "उद्या तुमच्याच पानात आहेत," त्या म्हणाल्या.

आणि मामा! मामांना वातावरण कळत नसे. त्यांनी सवयीने ओगराळं उचललं आणि, "घे बाय, त्यांना बी पाज," म्हणत गाठोड्यावर रिकामं केलं. शिंतोडे आत्यांच्या चष्म्यावर.

आत्यांनी चष्मा पुसला. "घरी नळ नाही का तुमच्या?"

"आहे ना. ह्यांच्याच चाळीत."

"मग इथं का?"

काकूंनी फक्त मालकांकडे पाहिलं. मी पाहिलं. नणंद, व्याहीण आणि ओळखीची, तिघींनी पाहिलं. आत्यांनी भिंगं वर करून पाहिलं. "अहो, रस्त्याने जाणाऱ्याला तुम्ही फुकट पाणी देता," त्या म्हणाल्या, "मग ह्यांना का हो नाही?"

मालकांनी तोंड उघडलं.

इथं मी थांबते. ते काय म्हणाले ते मला शेवटी सांगायचंय, कारण ते वाक्य ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकत नाही. म्हणून पुढचं आधी.

लग्न ठरलं. वाल लोण्यासारखे शिजले होते. आत्यांनी दोनदा बिरडं मागून घेतलं. त्यांच्या भावाच्या पुण्यात दोन चाळी होत्या असं मला नंतर कळलं, तेव्हा मालकांचं बोलणं त्यांना समजायला जड गेलं नसावं. मालकीणबाईंनी काकूंकडे वाटीभर बिरडं पाठवलं. स्वतः आल्या नाहीत. बादलीही आली नाही. बादली त्यानंतर कधीच आली नाही.

चार दिवसांनी पाणपोईच्या पाटीवर रंगाऱ्याकडून एक ओळ वाढवली: गाठोडी भिजवू नयेत. आणि मामांना हुकूम मिळाला, की पाणी देण्याआधी एसटीचं तिकीट पाहायचं. मामांना तिकीट वाचता येत नव्हतं. ते नुसते हातात घेऊन उलटंसुलटं करायचे, आणि खऱ्या वाटसरूंचीही त्यात भांडणं व्हायची.

काकूंचे वाल बंद झाले. त्यांनी कोरडा धंदा धरला. कापसाच्या वाती वळायला लागल्या. वातींना पाणी लागत नाही, हे खरं. पण वात वळायला दोन हात लागतात. काका खाटेवर पडून डाव्या हाताच्या चिमटीत कापूस धरायचे आणि तो तसाच सुटून पडायचा. थोडे दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग हात चादरीखाली ठेवायला लागले. पुढे काही खाताना त्यांना बोटं उचलायचाही कंटाळा यायला लागला, आणि काकू त्यांना भरवायला लागल्या.

वातींवर खोलीचं भाडं निघेना. पेणला काकूंचा भाऊ होता. म्हणजे तो आधीपासून होताच. "नाहीतर पेणच का म्हटलं असतं मी?" काकू म्हणाल्या. पुढच्या वर्षीच्या पाडव्यानंतर त्या खोली सोडून निघाल्या. काकांना खुर्चीत बसवून चौघांनी स्टँडवर आणलं. मी गाठोडं घेऊन बरोबर गेले. ह्या वेळी गाठोड्यात कपडे होते. मांडवात मामा होतेच. काकूंनी कमरेला खोचलेली तिकिटं काढून त्यांच्यापुढे धरली, मामांनी ती उलटीसुलटी केली, आणि ओगराळ्यातून आधी काकांच्या ओठांवर पाणी सोडलं. आता काकू नियमाप्रमाणे वाटसरू होत्या. कंडक्टर तोच होता. "पेण, पेण!" तो ओरडला. ह्या वेळी त्या चढल्या.

मग आता ते वाक्य. मालकांना जरा विचार करायला वेळ मिळाला असता, तर ते काही गोड बोलले असते. बोलायला ते हुशार होते. पण ऊन होतं, अंगात कोट होता, मुलीचं लग्न टांगणीला होतं आणि आत्यांची भिंगं त्यांच्यावर रोखलेली होती. त्यांना खरोखर वाटायचं तेच घाईत तोंडातून निघालं. अख्ख्या मांडवाने ऐकलं, बसच्या खिडकीतल्या माणसांनी ऐकलं. वडिलांच्या नावाच्या पाटीखाली उभे राहून मालक ओरडले,

"अहो, पाणी माणसांना फुकट आहे, भाडेकरूंना नाही!"